ड्रॉइंग काढण्याआधी एक पाळी कर

एलएचडी लोडरच्या, म्हणजे जमिनीखालच्या खाणीत माल भरून वाहून नेणाऱ्या मशीनच्या, केबिनचं ड्रॉइंग काढतोयस ना? मग आधी एक रात्रपाळी ऑपरेटरजवळ काढ. या मशीनवर माणूस आडवा बसतो, मान सतत दोन्हीकडे वळते. चंद्रपूरकडच्या एका खाणीत माझा पहिला नमुना नेला, तर बसताक्षणीच ऑपरेटरचं हेल्मेट वरच्या पत्र्याला आपटलं. कागदावर उंची बरोबर होती, हेल्मेटवरचा दिवा, कॅप लॅम्प, कोण मोजतो!

तेव्हापासून आधी केबिनचा प्लायवूडचा नमुना करतो, ऑपरेटरला हातमोजे घालून लिव्हर ओढायला लावतो. फिटरलाही बोलव, ग्रीस निपलपर्यंत, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडापर्यंत, हात पोचतो का, ते त्यालाच कळतं. खाणीच्या नियमांत कामगार आणि साहेबांची सुरक्षा समिती आहे खरी, पण साहेबांसमोर कोण बोलणार? टपरीवर चहा पाजून विचार, आणि वही बरोबर ठेव.