स्टार वॉर्सचे चाहते एकमेकांशी इतके का भांडतात, आणि नवख्याने कुणाचं ऐकावं?

तुमचा प्रश्न असा आहे: "मी स्टार वॉर्सचा एकही भाग पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करावी म्हणून शोधायला गेलो, तर चाहतेच एकमेकांच्या उरावर बसलेले. एक म्हणतो १९८३ नंतरचा सगळा कचरा, दुसरा म्हणतो नंतरचेच खरे. चांगलं काय, वाईट काय, आणि ही माणसं भांडतात तरी कशावरून?"

आधी माझा पक्ष सांगून टाकते, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी पहिल्यांदा पाहिला तो १९९९ चा 'द फँटम मेनेस'. पुण्यात, अकरा वर्षांची असताना, दादाच्या मागे लागून. त्यातला जार जार बिंक्स, लांब कानांचा, सारखा धडपडणारा प्राणी, मला इतका आवडला की आठवडाभर घरात त्याच्यासारखी बोलत होते. आई वैतागली होती. पुढे कॉलेजात असताना नेटवर कळलं की जगभरच्या चाहत्यांच्या लेखी याच्याइतकं वाईट पात्र सिनेमात झालेलं नाही. इतकं शरमल्यासारखं झालं! नंतर बरीच वर्षं मी "माझा आवडता 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'" असं सांगत हिंडले, आणि तेव्हा तो मी पाहिलेलाही नव्हता.

(पुढे कथेतल्या काही गोष्टी फुटतील. खलनायक व्हेडर हा नायक ल्यूकचा कोण, हे एव्हाना कानावर आलंच असेल.)

पहिला चित्रपट २५ मे १९७७ ला अमेरिकेत अवघ्या ३२ थिएटरांत लागला. पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. मला सांगायचंय ते १९८० च्या 'एम्पायर'बद्दल. आज तो सर्वांत उत्तम म्हणून कोणीही डोळे मिटून सांगेल, पण लागला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या व्हिन्सेंट कॅन्बी यांनी त्यावर नाराजीच लिहिली होती. तक्रारीला जागाही होती. नायकाचा हात तुटतो, त्याचा मित्र गोठवून नेला जातो, खलनायक बाप निघतो आणि चित्रपट तिथेच संपतो. पुढचा भाग तीन वर्षांनी. तोवर लोक वाद घालत होते की व्हेडर खरं बोलला की थाप मारली. मग १९८३ साली 'रिटर्न ऑफ द जेडाय' आला आणि त्यातल्या अस्वलासारख्या इवॉकांना लोकांनी नावं ठेवली: एवढं मोठं साम्राज्य, आणि ते खेळण्यातल्या टेडी बेअरांनी हरवायचं? थोडक्यात, ज्या तीन चित्रपटांना आज 'मूळचे पवित्र' म्हणतात, त्यांच्यावरूनही तेव्हा कुरकुर होतीच. सगळ्यांचं एकमत आहे ते फक्त १९७८ साली अमेरिकन टीव्हीवर एकदाच दाखवलेल्या सुट्टीच्या खास कार्यक्रमाबद्दल. सुरुवातीला कितीतरी वेळ त्यात च्यूबाका या केसाळ पात्राचं कुटुंब नुसतं गुरगुरतं, खाली भाषांतरसुद्धा नाही. तो वाईटच आहे.

खरं भांडण पेटलं ते १९९७ साली. स्टार वॉर्सचा जनक जॉर्ज लुकास याने तिन्ही जुने चित्रपट नव्याने प्रदर्शित केले आणि त्यात कॉम्प्युटरने नवीन प्राणी, नवीन दृश्यं घातली. त्यातली एक जागा नीट सांगते, कारण त्यावरून लोक गेली पंचवीस-तीस वर्षं कपडे फाडतायत. हॅन सोलो हा चोरटा माल वाहणारा माणूस एका गुत्त्यात बसलेला आहे. ग्रीडो नावाचा वसुलीवाला समोर येऊन बंदूक रोखतो. हॅन गप्पा मारता मारता टेबलाखाली हळूच आपली बंदूक काढतो आणि ग्रीडोला उडवतो. गुत्तेवाल्याला नाणं टाकतो, चालू लागतो. हे १९७७ चं. १९९७ च्या प्रतीत ग्रीडो आधी गोळी झाडतो, तीही हातभर अंतरावरून नेम चुकवून, आणि मग हॅन मारतो. २००४ च्या डीव्हीडीत दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकदमच सुटतात. २०१९ मध्ये चित्रपट ओटीटीवर आले, तेव्हा गोळी झाडण्याआधी ग्रीडो "मॅक्लंकी" असं काहीतरी म्हणतो. मी हसून हसून दमले होते.

एवढ्याशा गोष्टीला काय अर्थ, असं वाटेल. पण हॅन सुरुवातीला स्वतःपुरतं पाहणारा, वेळ पडली तर टेबलाखालून मारणारा माणूस आहे; म्हणून शेवटी तो मित्रांसाठी परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्याने फक्त स्वतःच्या बचावासाठीच गोळी झाडली असेल, तर तो पहिल्यापासूनच सज्जन. मग परत आला यात नवल ते काय? इथे चाहते बरोबर आहेत आणि दिग्दर्शक चूक, असं माझं स्पष्ट मत आहे. गंमत म्हणजे जुन्या कृष्णधवल चित्रपटांना नंतर रंग चढवू नयेत, हे अमेरिकन काँग्रेससमोर १९८८ साली तावातावाने सांगणाऱ्यांत हेच लुकास होते.

आणि मूळ प्रत पाहायची तर ती धड मिळेना. २००६ साली डीव्हीडीबरोबर ती दिली, पण पुरवणीसारखी, जुन्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून. तेव्हा काही चाहत्यांनी थिएटरात वापरलेल्या पस्तीस मिलिमीटरच्या जुन्या रिळी मिळवल्या, एकेक फ्रेम साफ केली आणि १९७७ चा चित्रपट पुन्हा उभा केला. भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ताडून पाठभेद नोंदवले, त्याच जातीचं वेड. (पोथ्यांच्या बाबतीत लेखक स्वतः येऊन नवा श्लोक घुसडत नव्हता, एवढं बरं.) हे कळलं की बाकीची भांडणं समजायला सोपी जातात. इथे 'मूळ' काय यावरच एकमत नाही, मग दर्जावर कुठून होणार?

आता माझा जार जार. प्रीक्वेल, म्हणजे जुन्या कथेच्या आधीची गोष्ट सांगणारे, म्हणतात ते तीन चित्रपट १९९९, २००२ आणि २००५ चे. पहिल्याने लोक इतके चिडले की २००१ च्या सुमारास एका संकलकाने घरच्या घरी त्यातली वीसेक मिनिटं छाटून, जार जारला जमेल तितकं गप्प करून स्वतःची आवृत्ती फिरवली. इथवर मजा होती. पण जार जारचं काम केलेल्या अहमद बेस्ट यांनी २०१८ साली सांगितलं की त्या काळातल्या शिव्यांमुळे त्यांच्या मनात जीव द्यायचे विचार आले होते. ते वाचल्यावर चित्रपटाच्या दर्जाची बात निदान माझ्यापुरती दोन दिवस बंद झाली.

मोठी झाल्यावर तिन्ही पुन्हा पाहिले. संवाद लाकडी आहेत, यात वाद नाही. दुसऱ्या भागात नायक प्रेयसीला वाळू का आवडत नाही ते समजावतो, तेव्हा तिच्या जागी मी असते तर बस पकडून घरी गेले असते. पण लोकशाही सभागृह टाळ्यांच्या कडकडाटात स्वतःहून सत्ता एका माणसाच्या हाती देतं, ही कल्पना मुलांच्या सिनेमात आणायला छाती लागते. आणि पहिल्या भागातली शेवटची तलवारबाजी! संगीतकार जॉन विल्यम्स यांनी तिथे जो समूहगायनाचा तुकडा टाकलाय, त्याचे शब्द संस्कृत आहेत. एका जुन्या वेल्श कवितेच्या ओळी संस्कृतात करून घेतलेल्या. मी मोठ्या उत्साहाने आजोबांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "एकही शब्द लागत नाही, पण लढाई जोरात चाललीय."

त्या वेळी नऊ-दहा-अकरा वर्षांची असलेली आम्ही पोरं आता चाळिशीकडे आलो. २०२४ ला 'फँटम मेनेस' पुन्हा थिएटरांत लागला, २०२५ ला 'रिव्हेंज ऑफ द सिथ', आणि लोक प्रेमाने गेले. अहमद बेस्ट २०२३ साली 'द मँडलोरियन' या मालिकेत लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, चालवणारे जेडाय योद्धे म्हणून परतले. चित्रपट होते तेच आहेत, बोलणारी तोंडं बदलली.

मग नव्या तीन चित्रपटांचं काय? डिस्नेने २०१२ साली चार अब्ज डॉलरहून जास्त देऊन लुकासची कंपनी घेतली आणि २०१५ ला 'द फोर्स अवेकन्स' आला. भारतात तो एक आठवडा उशिरा, २५ डिसेंबरला लागला. १८ तारखेला इथे 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' होते. तो आठवडा मी व्हॉट्सॅप न उघडता काढला, आणि तरीही नात्यातल्या एका दिवट्याने फोनवर सांगून टाकलंच की हॅन मरतो. चित्रपट रंजक होता, पण १९७७ ची कथा पुन्हा शिजवलेली: वाळवंटातली पोरकी मुलगी, गुपित घेऊन फिरणारा यंत्रमानव, ग्रह फोडणारं अस्त्र.

२०१७ चा रायन जॉन्सनचा 'द लास्ट जेडाय' मात्र उलट निघाला. म्हातारा ल्यूक हातात दिलेली तलवार खांद्यावरून मागे फेकून देतो. नायिकेचे आईबाप कोण, यावर दोन वर्षं चर्चा झडल्या आणि उत्तर आलं: कुणीच नाही, दारूसाठी पोर विकणारी साधी माणसं. समीक्षक खूश, चाहत्यांत उभी फूट. केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीला तर इतका वांशिक त्रास दिला गेला की २०१८ साली तिने आपल्या इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं. मला तो चित्रपट आवडतो. मधला जुगारघराचा भाग लांबलाय हे मान्य.

आणि मग २०१९ चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर'. माझ्या मते नऊ भागांतला सर्वांत वाईट, आणि कारण हे भांडणच. भांडण मिटवायच्या नादात तो चित्रपट केल्यासारखा वाटतो. आईबाप कुणीच नव्हते म्हणता? बरं, मग ती थेट सम्राट पॅल्पटीनची नात. सम्राट १९८३ सालीच मेला होता? बरं, तो कसाबसा परत आला. ल्यूकने तलवार फेकली म्हणून चिडलात? आता तोच ती झेलतो आणि तिचा मान राखा म्हणून सांगतो. आणि ट्रॅनचं पात्र दोन तास वीस मिनिटांच्या चित्रपटात जेमतेम सव्वा मिनिट दिसतं. प्रेक्षकांनी गुण बरे दिले, पण कमाई तिघांत सर्वांत कमी. एवढ्या सगळ्यांची मनधरणी करूनही आज हा माझा लाडका चित्रपट असं छातीठोकपणे सांगणारा मला अजून भेटायचाय. जार जारलासुद्धा माझ्यासारखी पोरं भेटली होती.

याच्या दुसऱ्या टोकाला 'अँडोर'. टोनी गिलरॉयची मालिका, २०२२ आणि २०२५, मिळून २४ भाग. त्यात जेडाय नाही, लाइटसेबर नाही, कोण कुणाचा बाप हा प्रश्न नाही. साम्राज्यातले कारकून आहेत, बैठका आहेत, बढतीसाठी एकमेकांच्या फाइली पळवणं आहे. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माझ्या बाबांना लाइटसेबरचं कधीच कौतुक नव्हतं, पण हिचे सहा भाग त्यांनी सलग पाहिले.

तर तुम्ही १९७७ चा पाहा, लगेच १९८० चा. आवडले तर १९८३ चा, आणि मग सरळ 'अँडोर'. प्रीक्वेल घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल तर त्याच्याबरोबर पाहा, त्याला जार जार आवडला तर आवडू द्या. 'स्कायवॉकर' एखाद्या तापाच्या दिवसासाठी ठेवा. आणि हो, ओटीटीवर तुम्हाला बदललेलीच प्रत दिसेल. गुत्त्याचं दृश्य आलं आणि त्या हिरव्या प्राण्याने "मॅक्लंकी" म्हटलं की दहा सेकंद मागे जाऊन पुन्हा पाहा, आणि आधी गोळी कुणी झाडली ते खाली कमेंटमध्ये सांगा. मी तयारच आहे.