खोडलेली ओळ

ताई, माझं वय ३८, उंची १६० सेंटिमीटर, वजन ११२ किलो. चार वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्यांवर भागतं. अधूनमधून छातीत जळजळते. घोरणं इतकं, की मुलगी उशी उचलून दुसऱ्या खोलीत जाते. बारा वर्षांत तीनदा वीस-वीस किलो उतरवले, तिन्ही वेळा व्याजासकट परत आले. आता डॉक्टर बॅरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावरचं ऑपरेशन, सुचवतायत. नवरा म्हणतो, "हा पळपुटेपणा आहे, तोंड आवर म्हणजे झालं." धाकटी बहीण म्हणते, "चाळिशीच्या आत उरकून टाक." मला मात्र वाटतं, ऑपरेशन केलं म्हणजे मी हरले. काय करू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

*

अगं, आधी ते हरण्याचं निकालात काढू, कारण तुझ्या पूर्ण पत्रात हा शब्द चार वेळा आलाय आणि मधुमेह एकदाच.

वजन भराभर उतरलं की शरीर त्याला यश समजत नाही, उपासमार समजतं. भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं कमी होतात, आणि नुसतं बसून असतानाही शरीर पूर्वीपेक्षा कमी उष्मांक जाळायला लागतं. म्हणजे तू वीस किलो उतरवून जिथे पोचायचीस, तिथे टिकायला तुला त्याच वजनाच्या दुसऱ्या बाईपेक्षा कमी खावं लागायचं, आणि भूक मात्र तिच्यापेक्षा जास्त. हे तू तीनदा केलंस. "तोंड आवर" म्हणणाऱ्यांनी एकदा करून दाखवावं, मग बोलू.

ऑपरेशनला तू बसतेस का? तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा, ४४च्या आसपास येतो. १९९१पासून बरीच वर्षं ४०, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३५, अशी रेघ मानत होते. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी ती आजार असो-नसो ३५वर आणली, आणि आशियाई लोकांसाठी आणखी खाली. तू सगळ्याच रेघांच्या पलीकडे आहेस. शिवाय मधुमेह जितका नवा, तितकी तो मागे हटण्याची शक्यता जास्त. चार वर्षं म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. आणखी दहा वर्षं विचार करत बसलीस तर जाईल.

जळजळीचं तू जाता जाता लिहिलंस, पण माझ्या मते पत्रातली ती कामाची गोष्ट आहे. या सर्जरीचे नेहमीचे दोन प्रकार, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. केळ्याएवढी नळी उरते, आणि काढलेलं परत जोडता येत नाही. या ऑपरेशननंतर काहींची जळजळ वाढते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यात जळजळ बहुधा कमी होते आणि मधुमेहावरही परिणाम चांगला दिसतो. पण जीवनसत्त्वांची कमतरता जास्त भासते आणि गोड खाल्लं की काहींना घाम, धडधड, पोटात मुरडा असा त्रास होतो. तेव्हा "सर्जरी करू का" यापाठोपाठ "कुठली, आणि माझ्यासाठी तीच का" हे विचारायचं. उत्तर द्यायला कंटाळणारा सर्जन असेल तर दुसरा बघ.

धोक्याचं थोडक्यात सांगते. अनुभवी हातांत मृत्यूचं प्रमाण हजारात एक-दोन, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, रक्ताच्या गुठळ्या हे क्वचित होतं, पण होतं. दुसऱ्या बाजूला, स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यू कमी आढळले. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं, म्हणजे सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडचंही डॉक्टरांना जरूर विचार. ती काम करतात, पण बंद केली की वजन बरंचसं परत येतं.

ऑपरेशन तासा-दोन तासांत आटोपतं. नंतरचं आटोपत नाही.

माझ्या एका मैत्रिणीला बायपास करून नऊ वर्षं झाली. तिच्या पर्समध्ये अजूनही बाळाचा चमचा असतो. कुठेही जेवायला गेलो की ती तो हळूच काढते, चार-सहा घास वीस मिनिटं चघळते, पाण्याचा पेला लांब सरकवते आणि अर्ध्या तासानं घोट घोट पिते. पहिल्या वर्षी तिचे चाळीस किलो उतरले, पुढे आठ-नऊ परत आले. तिसऱ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, सहा-आठ महिन्यांनी पुन्हा आले. दंडाची कातडी लोंबते ती लोंबतेच. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर, आणि दर वर्षी रक्ततपासणी. डोकं दुखलं म्हणून हाताला लागेल ती वेदनाशामक गोळी घ्यायची सोय राहिली नाही, अल्सर होतो. दारूचा एक पेला तिला तीन पेल्यांसारखा चढतो. तिनं ती सोडलीच. एवढं असूनही ती म्हणते, पाच वर्षं आधी करायला हवं होतं. मधुमेहाची गोळी तिनं त्यानंतर घेतलेली नाही.

पण तीच एकदा म्हणाली, "भूक गेली गं, दुपारी चार वाजताची हुरहुर नाही गेली."

म्हणून आता त्या ओळीबद्दल. पत्र तू हातानं लिहिलंस. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ तीन रेघा मारून खोडली आहेस, पण पान उजेडासमोर धरलं की ती वाचता येते. खोडलेलं वाचू नये. मी वाचलं, आणि छापू का असं तुला विचारलं. तू हो म्हणालीस म्हणून छापतेय: "सगळे झोपल्यावर मी ओट्याशी उभी राहून खाते आणि पुड्यांचे कागद कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी दाबते."

सर्जरी जठर लहान करते. रात्री दीड वाजता ओट्याशी उभं करणारं जे काही आहे, त्याला ती हात लावत नाही. घासभर जठरातूनही मऊ आणि गोड पदार्थ सहज सरकतात. थोडंथोडं करत रात्रभर खाता येतं. पुन्हा वजन वाढण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट असते, आणि नापास होऊ या भीतीनं लोक नेमकं हेच तिथे दडवतात. अगं, ती परीक्षा नव्हे. असं खाणं हा ओळखीचा आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि तेवढ्यावरून कुणी सरसकट दार लावत नाही. फार तर आधी काही महिने ते उपचार घे म्हणतील. घे.

माझं मत विचारलंस तर कल ऑपरेशनकडे आहे. चाळिशीच्या मुहूर्तावर मात्र नको. बहिणीला सांग, हा वाढदिवसाचा बेत नव्हे. नवऱ्याला आहारतज्ज्ञाच्या भेटीला सोबत ने. जन्मभर त्या घरात वेगळ्या ताटात जेवणार आहेस, तेव्हा त्यानं निदान एकदा तिथे बसून ऐकावं. येणार नाही म्हणाला तर एकटी जा. सही तुझी लागते. आणि तपासणीत घोरण्याचंही सांग, झोपेत श्वास अडकतो का हे भूल देण्याआधी बघावं लागतं.

पुढच्या भेटीआधी एक कागद घे. ती ओळ पुन्हा लिही, रेघ न मारता. तोंडानं सांगवत नसेल तर कागदच पुढे सरकव. त्याच्याखाली जळजळीचं लिही, किती दिवसांनी होते आणि रात्री आडवं झाल्यावर वाढते का, तेही.