माझा धाकटा भाऊ पोल्ट्रीवर राहून काम करतो. कोंबड्या-जनावरांत राहून माणसाच्या पोटातले जिवाणू खरंच बदलतात का?

हो, बदलतात, आणि आपल्याला वाटतं त्याहून लवकर. मी पशुवैद्य आहे, बारा वर्षं गोठेच पालथे घालतोय. त्यामुळे तुमच्या प्रश्नात माझंही पोट आलंच.

चीनमधला एक अभ्यास २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला होता. पशुवैद्यकाचे १४ विद्यार्थी तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला मोठ्या वराहपालन फार्मवर राहिले. जाण्याआधी, तिथे असताना आणि परतल्यावर त्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले. तिथे असेपर्यंत पोरांच्या आतड्यातले जिवाणू फार्मवरच्या कामगारांसारखे होत गेले. जिवाणूंना अँटिबायोटिकला दाद न देण्याची ताकद देणारी जनुकंही वाढली. परतल्यावर चार-सहा महिन्यांत बरंचसं मूळपदावर आलं, पण सगळं नाही.

कोंबड्यांचं म्हणाल तर ही गोष्ट फार जुनी आहे. स्टुअर्ट लेव्ही या अमेरिकन डॉक्टरनं बॉस्टनजवळच्या एका शेतावर कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन गटातलं अँटिबायोटिक औषध घालून पाहिलं. १९७६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आधी कोंबड्यांच्या आतड्यात त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू माजले, आणि पाच-सहा महिन्यांत त्या घरातल्या माणसांच्याही. शेजारच्या घरांत तसं झालं नाही. खाद्यातलं औषध बंद केल्यावर ते हळूहळू ओसरले.

म्हणून मी कोंबडीकडे नाही, खाद्याच्या गोणीकडे बघतो. नुसत्या जनावरांच्या सहवासानं माणूस आजारी पडतोच असं नाही. उलट अमेरिकेतल्या आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीनं शेती करून राहणाऱ्या, लोकांची गोठ्यात वावरणारी मुलं पाहा, त्यांच्यात दमा फार कमी आढळतो. पण खाद्यातून सतत थोडंथोडं अँटिबायोटिक जात असेल तर मामला वेगळा. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध, आणि आपल्याकडे ते २०१९ पर्यंत कोंबड्यांच्या खाद्यात चालायचं! त्या वर्षी केंद्रानं बंदी घातली. भावाला खाद्यात काय मिसळतात ते विचारायला सांगा. आणि तो कधी दवाखान्यात गेला तर 'मी पोल्ट्रीवर काम करतो' हे डॉक्टरला आपणहून सांगू दे, कारण कुणी विचारत नाही.

बाकी काळजी साधीच. जेवणाआधी साबणानं हात, शेडमधले कपडे-चपला शेडमध्येच. एक मात्र मलाही उशिरा कळलं. दगडी (कासेची सूज) झालेल्या गाईच्या सडात औषधाची ट्यूब सोडून मी कोपरापर्यंत हात धुतले, खिशातून फोन काढून बिल सांगितलं आणि त्याच हातानं भजं उचललं. चहा घेऊन आलेल्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर, हात धुतला, पण मघाशी शेणाच्या हातानं फोन घेतलावता, तो कोण धुणार?"