लातूरहून जर्मनीत मेडिकलला यायचं म्हणतेस, तर आधी हे वाच

तुझं पत्र दोनदा वाचलं. बारावी सायन्सला ६०० पैकी ५३४, नीटला सरकारी कॉलेज मिळेल इतके मार्क नाहीत, आणि आता रिपीट करायचं की जर्मनीला यायचं हा प्रश्न. एजंट म्हणतोय सहा लाख भरा, वर्षभरात मेडिकलची सीट पक्की, शिक्षण इंग्रजीत, फी शून्य. आणि बाबा त्यासाठी जमीन विकायला तयार झालेत.

बाबांना आधी थांबव. त्या एजंटच्या बोलण्यात फीची गोष्ट तेवढी बरीचशी खरी आहे. इथल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क जवळजवळ नाही, सेमिस्टरचे शे-तीनशे युरो भरावे लागतात. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग, उल्म इथे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. पण सरकारी विद्यापीठात मेडिकल इंग्रजीत शिकता येत नाही. लेक्चर, परीक्षा, पेशंट, सगळं जर्मन. आणि सीट पक्की करून देणं कुणाच्याही हातात नाही, कारण ती मार्कांच्या यादीवर मिळते.

मी सांगलीचा. २०१६ मध्ये आलो, आज पूर्व जर्मनीतल्या झाक्सन राज्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिसिनला असिस्टंट डॉक्टर आहे. मीही एका एजंटला पैसे दिले होते. त्याने माझा अर्ज एकाच ठिकाणी टाकला, तोही मुदत संपायला दोन दिवस असताना, अपुऱ्या भाषांतरांसह. एक सेमिस्टर गेलं. दुसऱ्यांदा सगळं स्वतः भरलं तेव्हा कळलं की त्यात कुठलंच गुपित नाही, फक्त चिकाटी लागते.

तुझी बारावी इथे थेट मेडिकलला चालत नाही. आधी श्टुडिएनकोलेग करावं लागतं, म्हणजे विद्यापीठाच्या आधीचं एक वर्ष. मेडिकल, फार्मसी, बायोलॉजीवाल्यांसाठी त्यात एम-कुर्स असतो. लाइपझिग, हायडेलबर्ग, हॅम्बुर्गला तो आहे. त्याला प्रवेश परीक्षा असते, मुख्यतः जर्मनची, आणि तिथे बी-वनवर (भाषेच्या सहा पातळ्यांतली तिसरी) जेमतेम निभावतं, बी-टू असेल तर जीव भांड्यात पडतो. वर्षभर जर्मन, बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित, आणि शेवटी फेस्टश्टेलुंग्सप्र्युफुंग ही परीक्षा. आम्ही तिला एफएसपी म्हणायचो.

आता तुझे मार्क इथे कसे दिसतात ते बघ, कारण सगळं यावर आहे. इथे १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. जास्तीत जास्त मार्कांतून तुझे मार्क वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि पासिंग यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. तुझं गणित: ६०० वजा ५३४ म्हणजे ६६, भागिले ३९० (६०० वजा पासिंगचे २१०), गुणिले तीन, अधिक एक. साधारण १.५. बहुतेक ठिकाणी याची आणि एफएसपीच्या ग्रेडची सरासरी काढतात. एफएसपीत १.० मिळवलंस तर १.२५ च्या आसपास येशील, आणि मग खरी आशा आहे. तिथे २.० मिळाला तर १.७५, आणि मेडिकलला ते फार अवघड. कारण युरोपबाहेरच्यांसाठी साधारण पाच टक्केच जागा असतात. ज्या विद्यापीठात ३०० मुलं घेतात तिथे जगभरातून आलेल्या सगळ्यांना मिळून पंधरा. काही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या टेस्ट-आस या परीक्षेलाही गुण देतात, ती देऊन ठेव.

अर्ज बहुतेक उनी-असिस्टमार्फत जातात, ती विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी संस्था. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सेमिस्टरसाठी १५ जुलै, उन्हाळीसाठी १५ जानेवारी ही सर्वसाधारण मुदत, पण उन्हाळ्यात मेडिकल सुरू करणारी विद्यापीठं थोडीच आहेत. तारीख कागद पोचण्याची असते, टाकण्याची नाही. मी स्वतः भरलेल्या पहिल्या फेरीत नऊ ठिकाणी अर्ज केले आणि नऊ नकार आले. एकाच आठवड्यात चार आले होते. त्या रात्री घरी फोन केला नाही, आईला आवाजावरून कळलं असतं. दुसऱ्या फेरीत एका ठिकाणी जागा मिळाली.

मधले महिने मात्र वाया गेले नाहीत. मेडिकलच्या पहिल्या मोठ्या परीक्षेआधी वॉर्डमध्ये तीन महिने नर्सिंगचं काम करावं लागतं, फ्लेगेप्राक्टिकुम. ते मी तेव्हाच उरकलं. पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन. घरी सांगायला काही जणांना लाज वाटते. माझ्या मते इथल्या शिक्षणातला तो सगळ्यात चांगला नियम आहे. माझं जर्मनही तिथेच सुधारलं. पहिल्या आठवड्यात एका आजींनी विचारलं, गोळी ‘ड्रायफिर्टल ड्राय’ला ना? पुस्तकात हे शिकवलं नव्हतं. शब्दशः अर्थ तिसऱ्या तासाचा पाऊण भाग, आणि मला एकदम लख्ख कळलं: पावणेतीन! या भागात पावणेतीन आपल्यासारखंच पुढच्या तासावरून सांगतात, फक्त सव्वा आणि अडीचही तसेच. सव्वादोनला ‘फिर्टल ड्राय’, अडीचला ‘हाल्ब ड्राय’. पश्चिमेकडून आलेली जर्मन मुलं इथे गोंधळतात, मी कधी गोंधळलो नाही.

अभ्यासक्रम सहा वर्षं तीन महिन्यांचा. चार सेमिस्टरनंतर फिजिकुम, म्हणजे ती पहिली मोठी परीक्षा: दोन दिवसांत ३२० प्रश्न, शिवाय तोंडी परीक्षा. नापास झालीस तर आणखी दोनदा बसता येतं. तिसऱ्यांदाही गेली तर जर्मनीत कुठेच मेडिकल करता येत नाही. शेवटचं वर्ष ४८ आठवडे हॉस्पिटलमध्ये.

पैशांचं बाबांना नीट समजाव. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो दाखवावे लागतात, रुपयांत अकरा लाखांहून जास्त. ही फी नाही. ते पैसे तुझेच असतात आणि इथे आल्यावर महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात. पण दुसऱ्या वर्षी इथे राहण्याचं परमिट वाढवतानाही खर्चाची सोय दाखवावी लागते. काम करायची परवानगी वर्षाला १४० पूर्ण दिवसांची आहे. एम-कुर्सच्या वर्षी मात्र कामाच्या भरवशावर राहू नकोस, कारण त्याच वर्षी १.० मिळवायचा असतो. आणखी एक, एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुझी शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला: नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी सक्तीचं आहे. आमच्या वेळी नव्हतं. त्याला वेळ लागतो, आधीच अर्ज कर.

यापुढचं बाबांसोबत बसून वाच. एजंट हे सांगणार नाहीत. नॅशनल मेडिकल कमिशनच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशी पदवीवर भारतात प्रॅक्टिस करायची तर कोर्स किमान ५४ महिन्यांचा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि शिक्षणाचं माध्यम इंग्रजी लागतं. जर्मनीचं माध्यम जर्मन आहे. म्हणजे नियम आज जसा आहे तसा धरला, तर इथून शिकून लातूरला दवाखाना टाकता येणार नाही. तू लिहिलंयस, ‘शिकून परत येईन, आजीला शब्द दिलाय.’ ते वाचून मी थांबलो. हे आजीला आणि स्वतःला आत्ता सांगावं लागेल, सहा वर्षांनी नाही.

म्हणून माझं मत विचारशील तर सांगतो. गावात डॉक्टर व्हायचं असेल तर नीट पुन्हा दे. सरकारी कॉलेजात एमबीबीएस झालं की जर्मनीचा रस्ता तेव्हाही उघडा असतो: सी-वन पातळीची डॉक्टरांची भाषा परीक्षा, मग ज्ञानपरीक्षा, आणि पुढे पगार घेत पाच-सहा वर्षांत स्पेशालिस्ट. माझ्या वॉर्डमध्ये नागपूरच्या एक ताई तशाच आल्यात, आणि माझ्यापेक्षा कमी वणवण करून. पण आयुष्य इथेच काढायची तयारी असेल, आणि मेडिकल नाहीच मिळालं तर त्याच एम-कुर्सवर फार्मसी किंवा बायोलॉजी करायला मन राजी असेल, तर ये. मी इथे समाधानी आहे, हेही तुला सांगायला हवं.

दोन्हींपैकी काहीही ठरलं तरी आत्ताचं पाऊल एकच. नीटच्या अभ्यासाबरोबर जर्मन सुरू कर. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. ए-वनचा, म्हणजे पहिल्या पातळीचा, खर्च एजंटच्या सहा लाखांपुढे काहीच नाही, आणि चार महिन्यांत तुला स्वतःला कळेल की ही भाषा तुझ्या तोंडात बसते की नाही. एजंटचा करार सही केला नसेल तर करू नका. केला असेल तर पैसे परत मिळण्याचं कलम कुठलं आहे त्या पानाचा फोटो पाठव, मी वाचून सांगतो. आणि बी-वन झालं की पुढचं पत्र जर्मनमध्ये लिही. चुका असू देत, दुरुस्त करून परत पाठवीन.