वारसा प्रमाणपत्राचे काम रखडवणाऱ्या वकिलांविरुद्ध तक्रार कुठे करावी?

वडिलांच्या बँकेतील ठेवींसाठी वारसा प्रमाणपत्र काढण्याचे काम नागपुरातील एका वकिलांना देऊन दोन वर्षे झाली, ते फोन उचलत नाहीत आणि फी बाकी असल्याचे सांगून मूळ कागदही अडवून ठेवतात, तेव्हा ग्राहक आयोगात जावे का, असा आपला प्रश्न आहे. तिथे जाऊ नका. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला आहे.

तक्रारीच्याही आधी आपला अर्ज आज कोणत्या अवस्थेत आहे, ते स्वतः पाहा. आईच्या पश्चात आम्हीही याच कामात अडकलो होतो. वकीलसाहेब दर वेळी ‘पुढची तारीख पडली’ एवढेच सांगत आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून बसलो. शेवटी माझी धाकटी बहीण सिव्हिल लाईन्समधील जिल्हा न्यायालयात जाऊन चौकशी करून आली, तेव्हा आमचा अर्ज गैरहजेरीमुळे सात महिन्यांपूर्वीच काढून टाकला गेल्याचे कळले. त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही. असा अर्ज पुन्हा फाईलवर घेण्यासाठी तीस दिवसांची मुदत असते आणि ती उलटली तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज करावा लागतो, म्हणून ही चौकशी उद्यावर टाकू नका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधले तरी तारखा आणि आदेश दिसतात; आदेशांच्या नकला मात्र नक्कल विभागातून रीतसर काढून घ्या. न्यायाधीशांची बदली, वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस किंवा एखाद्या नातेवाईकाची हरकत यांमुळेही विलंब होतो आणि त्याचा दोष वकिलांवर टाकणे अन्यायाचे ठरेल.

त्यानंतर कागद परत मागणारे आणि कामाचा लेखी तपशील विचारणारे पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. फी थकली म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे. पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा. आम्ही असे पत्र पाठवल्यावर नवव्या दिवशी फाईल मिळाली.

तरीही उत्तर न आल्यास अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ नुसार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे (वकिलांना सनद देणारी आणि त्यांच्या शिस्तीवर लक्ष ठेवणारी संस्था) प्रतिज्ञापत्रासह तक्रार करता येते. शिस्तपालन समितीने ती एका वर्षात निकाली काढायची असते, अन्यथा प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जाते. तक्रारीत रागाचे शब्द टाळून तारखा, फी दिल्याच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरील संदेश आणि न्यायालयीन नकला क्रमाने जोडा.

मात्र त्या तक्रारीवरून वकिलांना ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द होण्यापर्यंतची शिक्षा होऊ शकते. आपल्याला प्रमाणपत्र तिथून मिळणार नाही. त्यामुळे वकीलपत्र बदलण्याचे काम तक्रारीच्या निकालासाठी थांबवू नका. जुने वकील ना-हरकत देत नसतील, तर न्यायालयाची परवानगी घेऊन त्यांचे वकीलपत्र रद्द करता येते. अर्जदार आपल्या आई असतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यांच्या नावाने अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि आमच्या बहिणीच्या अर्जाचे पुढचे काम अशाच एका वकील बाईंनी पूर्ण केले.