सदऱ्यावरून अंगरखा

प्रश्न : १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीसाठी सात वर्षांच्या मुलाला अंगरखा शिवायचा आहे, तयार नमुना नाही. कसा बेतावा?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मुलाचा सैल सदरा वर्तमानपत्रावर पसरून कमरेपर्यंतचा भाग आखून घ्यावा आणि शिवणीसाठी चहूबाजूंनी अर्धा इंच वाढवावा. पाठ अखंड ठेवावी. पुढचे दोन भाग मात्र वेगळे आखावेत, कारण वरचा पदर छाती ओलांडून काखेखाली जातो आणि तेथे बंदांनी बांधला जातो. म्हणून तो मध्यरेषेपाशी न थांबवता पलीकडच्या शिवणीपर्यंत वाढवून गळ्यापासून तिरपा कापावा. ही तिरपी कड हाताळताना हमखास ताणली जाते, तेव्हा कापल्याबरोबर तिच्यावर कच्चा दोरा घालावा आणि मगच पट्टी लावावी.

घेर कमरेच्या सुमारे तिप्पट धरावा. सैलपणासह कंबर २४ इंच भरली, तर ३६ इंची पन्ह्याचे दोन अखंड तुकडे जोडून काम भागते. बाह्या अरुंद आणि मनगटापेक्षा चार इंच लांब ठेवाव्यात, कारण जुन्या चित्रांत दिसणाऱ्या चुण्या या वाढीव लांबीमुळेच पडतात; मोहरीतून मूठ सहज जाते ना, एवढे कागदावरच पाहावे.

चकचकीत साटीन मी तरी सुचवणार नाही, ते मशीनखाली निसटते आणि मिरवणुकीच्या उन्हात मुलाला नकोसे होते. संभाजीनगरचा हिमरू शोभतो खरा, पण वाढत्या अंगाच्या मुलासाठी तो गळपट्टीपुरताच परवडावा. बाकी अंगरखा सुती कापडाचा करावा आणि ते बेतण्याआधी भिजवून वाळवावे.