जाम बोल्ट, अडकलेला पंखा: जुन्या आउटबोर्डबद्दल, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनाबद्दल, तुमचे प्रश्न

दिवाळे कोळीवाड्यातून एक दादा विचारतात: पंधरा एचपीचं जुनं टू-स्ट्रोक घेतलंय. इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं पात्यांचं चाक) बदलायला खालचा गिअरबॉक्स उतरवायचाय, तीन बोल्ट निघाले, चौथा हलतच नाही. पान्याला पाइप लावून जोर मारू का?

दादा, पाइप आधी बाजूला ठेवा. पाइपने बोल्ट सुटत नाही, त्याचं डोकं उडतं, आणि मग तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं. हा नुसता गंज नाहीये. बोल्ट स्टेनलेसचा, बॉडी ॲल्युमिनियमची आणि मधे खाडीचं खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की, आणि तिच्यात खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. बोल्टच्या कडेला पांढरी भुकटी दिसते ना, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आटे आवळून धरते, म्हणून वरून कितीही तेल मारा, आत शिरायला फटच नसते.

फट करायची तर उष्णता द्या. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जवळपास दीडपट फुगतं, म्हणून बोल्ट नाही, त्याच्या भोवतीची बॉडी तापवायची. हीट गन सगळ्यात बरी. गॅसचा बर्नर असेल तर ज्योत सारखी फिरती ठेवा, कारण ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, 660 डिग्रीच्या आसपास सरळ वितळतं. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की बास, आणि तेवढ्यात बोल्टच्या कडेला साधी मेणबत्ती टेकवा, मेण पातळ होऊन आत ओढलं जातं. मग डोक्यावर हातोडीचे दोनचार ठोके, आणि पहिला झटका सोडायच्या नाही, कसायच्या दिशेने, अगदी केसभर. मग उलटा, परत सुलटा, करकर आवाज आला की समजा सुटतोय. नाही सुटला तर थंड होऊ द्या आणि पुन्हा तापवा, मी एकाच बोल्टला सहा वेळा तापवलंय. आणि हो, ज्योत पेटवायच्या आधी पेट्रोलची टाकी आणि नळी लांब ठेवा, कार्बोरेटर रिकामा करा.

चेंदणी कोळीवाडा, ठाणे: माझं डोकं आधीच उडालंय (बोल्टचं!). ईझी-आउट (तुटलेला बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार) वापरू का?

घाई नको. ईझी-आउट कडक पोलादाचा असतो, तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला ओरखडासुद्धा काढत नाही. माझा तुटलाय, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. बोल्ट थोडा जरी वर असेल तर त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारून घ्या, इग्निशनच्या वायरी आधी सोडून. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. पार आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या फिरकीचं ड्रिल, बऱ्याचदा तेच त्याला बाहेर घेऊन येतं. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसतो, वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लेथवाल्याला दाखवा, हाताने वाकडं भोक पाडण्यापेक्षा बरं.

सारसोळेहून एक ताई: पंख्याचा (प्रोपेलरचा) नट निघाला पण पंखा शाफ्टवरून हलत नाही, मुलगा म्हणतो पेटवून काढू.

नको ताई! पंख्याच्या आत रबराचा बुश असतो, तो जळतो आणि धूर वाईट. आधी प्लगची वायर काढा, म्हणजे पंखा फिरवताना इंजिन चुकून चालू होणार नाही. मग तेल मारून रात्रभर ठेवा, आणि सकाळी लाकडाचा ठोकळा मधल्या भागाला लावून मागच्या बाजूला ठोका, प्रत्येक ठोक्याला पंखा थोडा फिरवून. पात्यांवर मारू नका, वाकतात. परत बसवताना शाफ्टला मरीन ग्रीस भरपूर लावा.

करावे गावातून: वर्षभर शेडमध्ये पडून होतं, दोरी खेचलीच जात नाही.

आधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना ते बघा, बऱ्याच इंजिनांत गिअरमध्ये दोरी लॉक होते (हसू नका, हे बघायलाच विसरतात लोक). तसं नसेल तर प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल किंवा गिअर ऑइल ओता आणि तीनचार दिवस विसरा. मग फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या वरच्या जड चाकाच्या) नटावर रिंग पाना लावून फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळूहळू फिरवा. उलटं फिरवलं तर नटच सुटेल आणि इम्पेलरची पाती मुडपतील. पण इंजिन खाडीत बुडालेलं असेल तर मोकळं झालं तरी चालू करू नका, आतले बेअरिंग गंजलेले असतात, ते उघडूनच बघावं लागतं.